प्रोसेसिंग ट्रिगर्स

एटीएम कार्डाएवढ्या रास्पबेरी पायसाठी स्वतःची डेबियन इमेज बनवणारी मंडळी स्वभावाने आशावादी असतात. स्क्रिप्ट सुरू करायची, चहा ठेवायचा, प्यायचा, कप विसळून परत यायचं; पडद्यावर तीच ओळ: 'प्रोसेसिंग ट्रिगर्स फॉर मॅन-डीबी'.

मॅन-डीबी हे मदतपुस्तिकांची सूची ठेवणारं खातं. नवं पॅकेज आलं की ते सूचीची खातेवही काढून बसतं. आता हे यंत्र शेवटी जाणार सोसायटीच्या गच्चीवर, टाकीतलं पाणी मोजायला. तिथे पुस्तिका वाचणार कोण, कबुतरं? पण खात्याला त्याच्याशी देणंघेणं नाही. हौशी लेखकाने स्क्रिप्टमध्ये दर पॅकेजला वेगळी 'इन्स्टॉल'ची ओळ लिहिली असेल, तर दर ओळीनंतर हा सोहळा नव्याने. सगळी नावं एकाच ओळीत दिली तर ट्रिगर साठत जातात आणि शेवटी एकदाच उरकतात. इनिटरॅमएफएस या बूटच्या गाठोड्याचंही तसंच: तेही दर वेळी सोडायचं, भरायचं, दाबून बांधायचं.

तरीही वेळ लागतोच. तेव्हा संशय जातो प्रोसेसरवर, आणि तो बिचारा बहुतेक वेळा रिकामा बसलेला सापडतो. खरी गोम पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीच्या स्वभावात आहे. कुलूप लावून झाल्यावर ते ओढून पाहणारे, जिना उतरून पुन्हा वर येऊन परत ओढणारे काका असतात ना, तसा हा. फायली लिहिल्या की डिस्कला विचारतो, 'नक्की लिहिलंस ना?' आणि उत्तर येईपर्यंत हलत नाही. याला एफसिंक म्हणतात. छोट्या एसडी कार्डाला असं वारंवार विचारलं की ते पार दमतं.

काकांना हसण्यात अर्थ नाही. ईएक्सटी४ ही फाइल व्यवस्था मजकूर थोडा वेळ हातात धरून मग डिस्कवर टाकते. मधेच वीज गेली तर नावं शाबूत आणि आत शून्य बाइट, अशा फायली लोकांच्या पदरी पडल्या; त्यानंतर, 2010च्या सुमारास, ही खातरजमा कडक झाली. चालत्या यंत्रात ती हवीच. पण अर्धवट इमेज म्हणजे अजून कोणी राहायला न आलेलं घर. वीज गेली तर फाइल पुसायची आणि स्क्रिप्ट पुन्हा लावायची. म्हणून जाणकार 'फोर्स-अनसेफ-आयओ' हा पर्याय देतात, किंवा 'ईटमायडेटा' नावाची लायब्ररी मधे घालतात. ती डिस्कला काही न विचारताच 'लिहिलं हो' असं सांगून मोकळी होते. एरवी अशा खोटारड्या मध्यस्थाला मी घरात घेणार नाही. इथे मात्र तो गुणी ठरतो.

इंटेलच्या लॅपटॉपवर पायच्या एआरएम प्रोसेसरची इमेज बनवत असाल तर क्यूईएमयू हा दुभाषी मधे बसलेला असतो. एकेक सूचना उलगडून सांगायची म्हटल्यावर त्याला वेळ लागणारच. त्याच्यावर ओरडू नये. जमल्यास काम थेट एआरएमच्या यंत्रावर न्यावं.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. माणसं तासन् तास तर्क लढवतात, पण लॉगच्या प्रत्येक ओळीपुढे वेळ छापायला तयार नसतात. मोअरयुटिल्स संचात 'टीएस' नावाची चिमुकली आज्ञा त्यासाठीच आहे. ती लावली की गुन्हेगार आपोआप ओळखपरेडला उभा राहतो. कधी तो निघतो आयपीव्ही६चा बंद रस्ता: पॅकेजं उतरवून आणणारं एपीटी आधी तिकडे जाऊन दार ठोठावत राहतं आणि मग नाइलाजाने आयपीव्ही४ने येतं. आणि कधी कळतं की काही संथ नव्हतंच. टीझेडडेटा हे पॅकेज प्रश्न विचारून नम्रपणे थांबलेलं असतं: तुमचा भूभाग कोणता? आफ्रिका, अमेरिका, अंटार्क्टिका... उत्तरात आधी आशिया निवडायचं आणि मग, राहणारे साताऱ्याचे असलो तरी, कोलकाता. प्रश्न मात्र लॉगच्या फायलीत गेलेला, पडद्यावर शुकशुकाट.

यावर तोडगा आहे: 'डेबियन_फ्रंटएंड' नॉनइंटरॅक्टिव्ह करून ठेवायचं. मग ते काहीच विचारत नाही, परस्पर यूटीसी धरून पुढे जातं. स्क्रिप्ट झरझर संपते, इमेज गच्चीवर पोहोचते आणि सकाळी सहाला आलेलं पाणी रात्री साडेबाराच्या नावावर मांडायला लागते.