खुळ्या आत्याची बाजू

भाचरं शनिवार-रविवार राहायला आली की शहाण्या माणसाचं सगळं आधीच ठरलेलं असतं. दुपारी मॉल, तिथल्या गेम झोनचं कार्ड भरून द्यायचं, संध्याकाळी पिझ्झा, रात्री सिनेमा, रविवारी वॉटर पार्क. सोमवारी मुलं घरी पोहोचली की त्यांच्या आईवडिलांनाही वाटतं, चांगली सरबराई झाली. मी दुसऱ्या बाजूची आहे. ज्यांना घरातले लोक खुळे म्हणतात, चिक्कू म्हणतात, ‘पोरांना पायी हिंडवून दमवलं नुसतं’ असं ज्यांच्याबद्दल फोनवर बोललं जातं, त्या आत्यांची, मामांची, काका-मावश्यांची. त्यांच्या खुळेपणाची मला मनापासून स्तुती करायची आहे. पुण्यासारख्या शहरात मुलांना दाखवण्याजोगं जे आहे, त्यातलं बरंचसं अशा खुळ्यांमुळेच मुलांच्या वाट्याला येतं.

कुणीही गावाला जाणार नसताना स्टेशनवर जाणं, हा या खुळेपणाचा सर्वोत्तम नमुना. डेक्कन क्वीन पुण्याहून सकाळी 7.15 ला सुटते. पावणेसातला फलाटावर पोहोचायचं. फलाट तिकीट 10 रुपयांचं, दोन तास चालतं. ही गाडी 1 जून 1930 ला सुरू झाली तीच मुळी शनिवार-रविवारची गाडी म्हणून, मुंबईच्या लोकांना पुण्यात घोड्यांच्या शर्यतींना येता यावं यासाठी. रोजची गाडी ती नंतर झाली. आजही दर 1 जूनला रोजचे प्रवासी फलाटावर केक कापून तिचा वाढदिवस करतात. तिला खानपानाचा स्वतंत्र डबा आहे, आणि टेबलाशी बसून खाणारी माणसं बाहेरून काचेतून दिसतात. मुलांना हा डबा एकदा दाखवला की ती तिथून हलत नाहीत. चाकं असलेलं हॉटेल त्यांनी पाहिलेलं नसतं.

मग सिग्नल पडतो. शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा बाहेर येतो, गाडी इतकी सावकाश हलते की हलली की नाही यावरच मुलांचं भांडण होतं, आणि पाचव्या-सहाव्या डब्यापर्यंत तिने वेग धरलेला असतो. मुलं हात हलवतात. खिडकीत पेपर वाचत बसलेला, आयुष्यात आपल्याला पुन्हा कधी न भेटणारा माणूस पेपर खाली ठेवून हात हलवतो. “आत्या, आपण टाटा कुणाला करतोय?” धाकटीने विचारलं होतं. “सगळ्यांना,” मी म्हटलं. तिला ते पटलं. सकाळी सव्वासातच्या आत मुलाच्या हाती एवढं मोठं काही देणारा दुसरा कार्यक्रम मला माहीत नाही.

तिथून घरी येताना बस. पीएमपीचा दिवसाचा पास काढायचा आणि बस जिथवर जाते तिथवर जायचं. कंडक्टर विचारतो, “कुठं उतरायचंय?” उतरायचं कुठंच नसतं. शेवटच्या स्टॉपवर चहा प्यायचा, मुलांना तिथलं गाव दाखवायचं, आणि परत फिरायचं. पुढच्या सीटवरून मुलं सबंध शहर बघतात. कुठल्या चौकात काय आहे हे ती दोन दिवसांनीही बरोबर सांगतात, गाडीतून नेलेल्या मुलांना ते सांगता येत नाही. जून 2025 च्या भाडेवाढीत हा 40 रुपयांचा पास 70 चा झाला. ती वाढ मला चुकीची वाटते. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांच्याच खिशाला ती लागली आहे, आणि त्यात अशा बिनकामाच्या फेऱ्या मारणारी मुलंही आली. मेट्रो मात्र शनिवार-रविवारी सगळ्यांना सवलत देते. सिव्हिल कोर्ट स्टेशनला उतरून नुसते सरकते जिने वरखाली करायलाही जावं. जमिनीच्या पोटात इतक्या खोल मुलं एरवी जात नाहीत.

पर्वतीला तर जावंच. पायऱ्या 103 आहेत असं सगळे सांगतात, पण मुलांना तो आकडा आधी सांगायचा नाही. त्यांना मोजू द्यायच्या. वर पोहोचल्यावर तीन मुलांचे तीन आकडे येतात, कारण पर्वतीच्या पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, आणि कुठली पायरी मोजायची, कुठला टप्पा सोडायचा, यावर एकमत होत नाही. मग खाली जाऊन पुन्हा मोजायचा ठराव होतो. मोठ्या माणसाने इथे ‘जाऊ दे रे’ म्हणायचं नसतं. गुडघे दुखत असतील तर कठड्यावर बसावं, पण मुलांना जाऊ द्यावं.

वर देवदेवेश्वराचं देऊळ आहे, नानासाहेब पेशव्यांनी 1749 साली बांधलेलं. पानिपतानंतर खचलेले नानासाहेब 1761 च्या जूनमध्ये याच टेकडीवर वारले. आणि 5 नोव्हेंबर 1817 ला खडकीला इंग्रजांशी लढाई चालू असताना दुसरा बाजीराव इथूनच ती बघत होता. मुलांना मी खडकीची दिशा दाखवते, मधली इमारतींची गर्दी मनाने पुसायला सांगते, आणि तोफांचा धूर कुठे उठला असेल ते शोधायला लावते. थोरला बराच वेळ तिकडे बघत राहिला आणि म्हणाला, “मग तो खाली का नाही गेला?” पेशवाईच्या शेवटाबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. यापेक्षा नेमका प्रश्न माझ्या वाचनात आलेला नाही. त्याला उत्तर मी दिलं नाही. उतरताना सगळी वाट तो त्याच प्रश्नावर धाकटीशी वाद घालत होता, आणि त्या वादात पाणी मागायचंही विसरला.

शनिवारवाड्याला तिकीट आहे, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. घाई असेल तर बाहेरूनच दिल्ली दरवाजा बघावा. हत्तीने धडक देऊ नये म्हणून ठोकलेले त्याचे अणकुचीदार खिळे कुणाच्या कपाळाच्या उंचीला येतात, हे मुलांनी स्वतः शोधून काढावं. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वराचं लेणं फुकट आहे. भर उन्हात तिथल्या दगडाला पाठ टेकून बसलं की दुपार निघते.

मंडई मात्र घाईत उरकायची नाही. 1886 साली ही अष्टकोनी इमारत उभी राहिली तेव्हा तिचं नाव गव्हर्नरावरून रे मार्केट होतं. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणाला लावा म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव लागलं. हे सांगून झालं की प्रत्येक मुलाच्या हातावर तीस रुपये ठेवायचे आणि सांगायचं, तुझी भाजी तू घ्यायची आणि रात्री तीच खायची. आपण दहा पावलं मागे राहायचं. धाकटीने एका गाळ्यासमोर उभं राहून घोसाळ्याकडे बोट दाखवलं, कारण ते तिला कुठल्याही भाजीसारखं दिसत नव्हतं. भाजीवाल्या मावशींनी “आधी हात लाव, दाबून बघ, कवळं आहे का बघ” म्हणून तिच्याकडून निवडून घेतलं, आणि वर मूठभर कोथिंबीर पिशवीत टाकली. ती पिशवी तिने घरापर्यंत दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. संध्याकाळी घोसाळ्याच्या चकत्या केल्या तेव्हा आत तीन कप्पे आहेत हे तिनेच सगळ्यांना दाखवलं. भजी झाली. तिची आई फोनवर म्हणाली, “अगं, ती भाजीच खात नाही.” भजी तोवर संपली होती.

रात्री भिकार-सावकार. पत्त्यांच्या सगळ्या खेळांत याला सगळ्यात कमी अक्कल लागते, आणि म्हणूनच मी त्याची बाजू घेते. हातातला वरचा पत्ता न बघता टाकायचा, जुळला तर खालचा ढीग आपला. यात इंजिनिअर काका, सहा वर्षांची पोर आणि पंच्याहत्तरीची आजी अगदी बरोबरीने खेळतात. दुसऱ्या कुठल्या खेळात तुम्हाला हे मिळेल? मुद्दाम हरून मुलांना खूश करावं लागत नाही, आणि मुलांनाही ते हरणं खोटं होतं असा संशय येत नाही. डाव संपायचं नाव घेत नाही. भिकार झालेला माणूस एका पत्त्यावर सावकार होतो. मधे चुरमुऱ्यांची भेळ कालवायची, एकाच परातीत, आणि ती संपेपर्यंत डाव थांबवायचा. मग गाद्या एका रांगेत घालायच्या. कोण कुणाशेजारी झोपणार यावर अर्धा तास जातो, तो जाऊ द्यावा.

हे सगळं स्वस्त आहे, हे मला लपवायचं नाही. स्वस्त आहे म्हणूनच मी त्याच्याबद्दल इतक्या आग्रहाने बोलते आहे. अलीकडे पुष्कळ घरांत भाचरांना बोलावणंच कमी झालं आहे. सुट्टी नाही, जागा नाही अशी कारणं दिली जातात. ती खरी असतातच, पण त्यांच्यामागे आणखी एक कारण असतं, आणि ते कुणी मोठ्याने बोलत नाही: आली तर त्यांना न्यायचं कुठे, आणि खर्च किती येईल? दिराने गेल्या वेळी वॉटर पार्कला नेलं होतं, आता आपण काय कमी करायचं? ज्याचा पगार बेताचा आहे तो मामा या हिशेबाला घाबरून ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणतो. अशा दोन-तीन सुट्ट्या गेल्या की मूल दहावीत जातं, मग क्लास, मग कॉलेज. मामाच्या घरी किती खोल्या होत्या हेही त्याला आठवत नाही. शहाण्यांनी पाहुणचार एवढा महाग करून ठेवला की साध्या माणसाला आपल्याच बहिणीच्या मुलांना बोलावायची लाज वाटू लागली. याचा मला राग आहे. खुळ्यांना ही लाज नसते. दोन दिवस पोरांच्या मागे मोकळे हिंडायला ते तयार असतात, आणि मुलांना नेमकं तेवढंच हवं असतं.

दमणूक होते, हे खरं आहे. उन्हाळ्यात अकरा ते चार घरात राहावं, पाण्याच्या बाटल्या सोबत घ्याव्यात, आणि फोन पिशवीच्या तळाशी टाकावा, स्वतःचाही. रस्त्यात एखादं मूल रडतं, एखादं रुसतं. पुढच्या चौकात उसाचा रस प्यायला की ते मिटतं.

तेव्हा, ज्यांनी खर्चाच्या धास्तीने बोलावणं पुढे ढकललं आहे त्यांनी आज रात्रीच बहिणीला, भावाला फोन करावा. म्हणावं, शनिवारी पोरांना पाठव. पैसे देऊ नकोस, नवे कपडे देऊ नकोस. पायात चांगल्या चपला तेवढ्या घाल.