एसटीगंधर्व

पंडित भीमसेन जोशींच्या मागे गावोगाव हिंडणाऱ्यांची एक जमात होती आणि मी तिचा स्वयंघोषित मुकादम. पु. लं.नी पंडितजींना 'हवाईगंधर्व' म्हटलं होतं. आज कोलकाता, उद्या दिल्ली. विमान नसेल तिथं स्वतः मोटार हाकत. त्या हिशेबानं मी एसटीगंधर्व. ते कोल्हापुरात तानपुरे जुळवायला बसत, तेव्हा माझी गाडी कऱ्हाडच्या स्टँडवर चहाला थांबलेली असे.

मला गाणं कळतं हे पंडितजींना कळावं, एवढीच माझी माफक अपेक्षा. त्यासाठी दाद हवी, आणि दाद हे स्वतंत्र शास्त्र आहे. समेवर 'वा' कुणीही म्हणतो. जाणकार समेच्या किंचित आधी मान हलवतो. 'इथंच येणार, ठाऊक होतं मला,' असा त्याचा अर्थ. तान संपताच टाळ्या पिटणाऱ्यांकडे वळून दयेनं पाहायचं, पण पूर्ण वळायचं नाही, तेवढ्यात जागा जाते. 'क्या बात है' नुसत्या षड्जाला द्यायचं, तेही गवयाला त्रास होणार नाही आणि शेजाऱ्याला नक्की ऐकू जाईल अशा बेतानं. विलंबित एकतालात मांडीवर मात्रा मोजणाऱ्यानं चेहरा निर्विकार ठेवावा; चुकलं तर कळत नाही. शेवटचं अस्त्र म्हणजे चष्मा काढून डोळे पुसणं. हे मैफलीत एकदाच. दुसऱ्यांदा पुसले की लोकांना सर्दी वाटते.

एवढी तयारी करून मी पहिल्या रांगेत बसायचो, आणि पंडितजींचे डोळे मिटलेले! उघडलेच तर मागच्या तानपुऱ्याकडे वळायचे.

मध्यंतरात चहाच्या रांगेत आमची दुसरी मैफल रंगे. "परत शुद्धकल्याण?" इथून सुरुवात. मग ते वाक्य यायचं: "आता पूर्वीसारखं राहिलं नाही." मीही ते भक्तिभावानं म्हणत असे. पंडितजींचा आवाज उतरला असं म्हणताना, पूर्वी आपण हजर होतो हे आपोआप सांगून होतं. खरं तर तो शुद्धकल्याण दोन गावांत कधी एक नसायचा. एका ठिकाणी गंधारावर मुक्काम, दुसरीकडे मंद्रातून वर यायलाच मन होत नसे. पण हे मान्य केलं तर तक्रार कशाची करणार?

अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवर ऐकून १९३३ साली भीमसेन नावाचा एक अकरा वर्षांचा मुलगा गदगच्या घरातून पळाला. रेल्वेतून विनातिकीट हिंडत, गुरू शोधत ग्वाल्हेर, कोलकाता, जालंधर करत राहिला. पहिल्या रांगेची त्याला फिकीर नव्हती. आम्ही परतीचं तिकीट खिशात ठेवून त्याच्या आवाजाचं मोजमाप काढत होतो.

२००७च्या सवाई गंधर्व महोत्सवात ते गायले. वय ८५. रसिकांपुढचं ते त्यांचं शेवटचं गाणं. त्या दिवशी मान हलवायची राहूनच गेली. चष्मा मात्र काढावा लागला, आणि या वेळी कुणी बघतंय का हे पाहिलं नाही.

तेवढ्यात शेजारून आलंच, "पूर्वीसारखं नाही हो."

म्हणून एक विनंती. म्हाताऱ्या गवयाला ऐकायला जाल तेव्हा हे वाक्य निदान घरी पोचेपर्यंत गिळून ठेवा. आणि माझ्या पुढच्या खुर्चीत बसणार असाल तर मान जरा कमी हलवा. मला काही दिसत नाही.