नॉक्स काउंटीच्या सहलीला काय न्यावे

प्रोजेक्ट झॉम्बॉइड या व्हिडिओ गेममधली नॉक्स काउंटी अमेरिकेच्या केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या काठी आहे. मलड्रॉ, वेस्ट पॉइंट आणि लुईव्हिल ही तिथली गावे खऱ्या नकाशावरही सापडतात. रिव्हरसाइड आणि रोझवुड मात्र गेमकर्त्यांनी वसवली. सहलीचा ठरलेला मुहूर्त 9 जुलै 1993. त्या दिवशी सकाळी प्रवासी कुणा एका घरात उभा असतो, आणि बाहेर गाव जमलेले असते. वस्ती दाट आहे, माणसे घरी यायला अतिशय उत्सुक आहेत, फक्त जेवणाची पद्धत उलटी आहे. यजमान पाहुण्याला जेवू घालत नाहीत, पाहुण्यालाच जेवतात.

परतीचे तिकीट या सहलीत नाही. द इंडी स्टोन या ब्रिटिश मंडळींनी 2011 मध्ये गेम लोकांसमोर आणला, तेव्हापासून तो सुरू होतानाच प्रवाशाला बजावतो की ही तुझ्या मरणाची हकिकत आहे. जिंकणे हा प्रकारच नसल्यामुळे ते मरण किती दिवस लांबवायचे एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर बहुतांशी सामानात असते.

सामानात पहिला मान पिशवीचा. हातात धरलेल्या वस्तूचे पूर्ण ओझे होते. तीच पाठीवरच्या बॅगेत टाकली की ओझे बरेच कमी लागते. कितीने कमी, ते बॅगेच्या जातकुळीवर ठरते. तळाला शाळकरी दप्तर, त्याच्या वर डोंगरभटक्यांची सॅक आणि सर्वांत वर लष्करी पाठपिशवी, असा साधारण क्रम आहे. लष्करी पिशवी बहुधा एखाद्या सैनिकाच्या पाठीवर भेटते आणि सैनिक ती राजीखुशीने देत नाही. शिवाय कमरेचे पाउच एक पुढे आणि एक मागे असे दोन बांधता येतात. हा वेश कसा दिसतो याची चिंता नको. पाहणाऱ्यांचे लक्ष कपड्यांवर नसते.

नवा प्रवासी मरतो तो मात्र पिशवी नसल्यामुळे नव्हे, ती भरल्यामुळे. पहिल्याच घरात त्याला हातोडा सापडतो, मग करवत, खिळ्यांचे डबे, तीन तवे, एक मिक्सिंग बोल, ब्लीचची बाटली आणि दोन कादंबऱ्या. माळ्यावर रिकामी खोकी जपून ठेवणाऱ्या गृहस्थासारखे त्याला सगळेच ‘कधीतरी लागेल’ वाटते. पडद्याच्या कडेला जड ओझ्याचे चिन्ह उमटते आणि वाढत जाते: चाल मंदावते, दम लवकर लागतो, उंच कुंपणावरून हात निसटतो, आणि शेवटच्या पायरीला नुसत्या वजनानेच तब्येत खालावते. नेहमीच्या मांडणीत इथले झोम्बी धावत नाहीत, रमतगमत येतात. तरीही तीन तवेवाल्याला ते गाठतात.

सामान गोळा करण्याआधी एक काम घरात बसून करायचे असते: टीव्ही पाहणे. गावात माणसे माणसांना खात असताना ‘लाइफ अँड लिव्हिंग’ ही वाहिनी पहिले काही दिवस सुतारकाम, स्वयंपाक आणि रानात तगून राहण्याचे धडे शांतपणे दाखवत राहते. ठरलेल्या वेळी पडद्यासमोर बसणाऱ्याचे ते कौशल्य वाढते, आणि तेवढे वाढवायला प्रत्यक्षात कितीतरी फळ्या वाया गेल्या असत्या. म्हणून जाणकार प्रवासी पहिला आठवडा पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून, मालिकांच्या वेळा सांभाळत काढतात. खिडकीवर थाप पडते तेव्हा नेमका भाग रंगात आलेला असतो. दूरदर्शन संचाचा इतका गंभीर उपयोग दुसऱ्या कुठल्या गेमने केल्याचे दिसत नाही.

पाणी आणि वीज सहसा पहिल्या महिन्याभरात जाते. कोणत्या दिवशी, ते कोणी कळवत नाही. नळ चालू आहे तोवर बाटल्या, पातेली, किटल्या, जे हाताला लागेल ते भरून ठेवावे. नंतरची सोय म्हणजे पावसाचे पिंप. फळ्या, खिळे आणि कचऱ्याच्या पिशव्या यांतून ते ठोकता येते, पण त्यातले पाणी उकळल्याशिवाय प्यायचे नाही. आठवडाभर राक्षसांशी झुंजलेला गडी शेवटी पोट बिघडून अंथरुणाला खिळतो.

अन्नात आधी फ्रिज रिकामा करावा. वीज गेली की आइसक्रीम दोन दिवसही कोणासाठी थांबत नाही. पुढे भिस्त डबाबंद जिनसांवर, आणि इथे या प्रदेशातली सर्वांत मौल्यवान वस्तू समोर येते. ती बंदूक नव्हे, कुऱ्हाडही नव्हे. ती स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांखाली पडलेला डबे फोडण्याचा ओपनर आहे. 2021 च्या डिसेंबरमध्ये पक्की झालेली 41वी आवृत्ती या बाबतीत फार कडक आहे: ओपनर नाही तर डबा उघडत नाही. हातात कुऱ्हाड, करवत, पहार असलेला धट्टाकट्टा माणूस वीस डबे ट्यूनाच्या सान्निध्यात उपाशी राहू शकतो. खऱ्या मलड्रॉला लागूनच फोर्ट नॉक्स आहे, जिथे अमेरिकेचे सरकारी सोने कोंडून ठेवलेले असते. गेममधल्या प्रवाशाला त्या सोन्याच्या बदल्यात ओपनर मिळत असेल तर त्याने मागे-पुढे पाहू नये.

ओपनर हरवल्यास मासेमारी. भक्कम काठी, दोरा आणि आकड्याच्या जागी कचेरीतली पेपरक्लिप एवढ्यात गळ तयार होतो. रानातली बोरे आणि अळंबी मात्र वनस्पतींची जाण नसलेल्याने तोंडात टाकू नयेत.

तंबूबद्दल फार सांगण्यासारखे नाही. ताडपत्री, काठ्या आणि खुंट्यांतून तो उभा राहतो आणि कापडाचा असल्यामुळे कापडाइतकाच टिकतो. शेकोटी त्याहून धोक्याची. जळणाला कपडे, पुस्तके काहीही चालते, पण निखाऱ्यांतून एखादा झोम्बी गेला की तो पेटतो, पेटलेला असूनही चालत राहतो, आणि सवयीने प्रवाशाकडेच येतो. मागे लाकडी घर असेल तर तेही त्याच्या स्वागताला पेटते.

विजेसाठी जनित्र मिळते, पण ते जोडायला एक विशिष्ट मासिक आधी वाचावे लागते; अपवाद फक्त इलेक्ट्रिशियनचा. आयुष्यभर यंत्रासोबतची माहितीपुस्तिका न उघडता खोक्यासकट फेकणाऱ्यांना ही अट जड जाते. तेच मासिक शोधत ते वाचनालयांचे आणि पुस्तकांच्या दुकानांचे दरवाजे फोडत हिंडतात. इतक्या तळमळीने वाचनालयात जाणारा वर्ग एरवी दिसत नाही. मासिक मिळाल्यावर उत्साहाच्या भरात जनित्र दिवाणखान्यात मांडू नये. त्याचा धूर बंद घरात माणसाला झोपेतच संपवतो. हे खऱ्या घरांनाही तंतोतंत लागू आहे.

हत्यारांत पहार टिकाऊ, कुऱ्हाड जोरकस. बंदुकीचा बार दूरवर ऐकू जातो आणि ऐकणारे सगळे चौकशीला येतात, म्हणून ती शेवटचा उपाय. भाल्याचा थाटच वेगळा: फांदी सोलून टोकाला चिकटपट्टीने चाकू बांधता येतो, कैची बांधता येते, पेचकस बांधता येतो, आणि काहीच न मिळाल्यास चमचाही. चमच्याचा भाला गेममध्ये खरोखर आहे. तो घेऊन लढाईला निघालेला माणूस शूर म्हणावा की भुकेला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

अंगावर चामड्याचे जाकीट असावे, कारण दात आणि नखे ते काही प्रमाणात अडवते. जुलैच्या उकाड्यात त्याने घाम फुटतो, तहान वाढते आणि जपून ठेवलेल्या बाटल्या भराभर संपतात. औषधांच्या पेटीत पट्ट्या, जंतुनाशक, सुई-दोरा आणि चिमटा हवा; फुटक्या खिडकीतून आत शिरणाऱ्याला चिमट्याची किंमत कळते. पट्ट्या संपल्या तर चादर फाडावी, जंतुनाशक संपले तर व्हिस्की ओतावी, मात्र जखमेवर. ओरखड्यातून लागण होण्याचा धोका 7 टक्के, चिरलेल्या जखमेतून 25 टक्के आणि चाव्यातून 100 टक्के. शेवटच्या प्रकारावर पेटीतले काहीच चालत नाही.

गंमत अशी की याच विषयावर अमेरिकी सरकारचेही मार्गदर्शन झालेले आहे. 2011 मध्येच तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, झोम्बींचे निमित्त करून आपत्काळात जवळ ठेवायच्या वस्तूंची यादी काढली. वादळ-भूकंपाच्या सूचना कोणी वाचत नाही, झोम्बींच्या वाचतील, हा हिशेब बरोबर निघाला. यादीत माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर पाणी, टिकाऊ अन्न, औषधे, रेडिओ, चिकटपट्टी, साबण, आणि शिवाय वाहन परवाना, पासपोर्ट, जन्माचा दाखला. जग बुडाले तरी कागदपत्रे लागणारच, हा सरकारी विश्वास कुठल्याही देशात अढळ असतो. प्रथमोपचाराच्या साहित्याबद्दल मात्र यादीने प्रामाणिकपणे सांगितले होते की झोम्बी चावल्यास त्याचा उपयोग नाही.

चावल्यावर काय होते तेही सामानाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्याच जगात नवे पात्र घेऊन पुन्हा येता येते, आणि जुना प्रवासी झोम्बी होऊन तिथेच कुठेतरी फिरत असतो: तोच चेहरा, तेच जाकीट, पाठीवर तीच भरलेली बॅग. ती परत हवी असेल तर त्याला आडवे करावे लागते, आणि तो बहुधा दहा-पंधरा जणांच्या घोळक्यात असतो. म्हणून ओपनर, औषधे आणि ते मासिक वापर झाल्यावर घरच्या कपाटात परत ठेवावे. पुढच्या पात्राला मागच्याच्या पाठीमागे धावावे लागत नाही.