पाहुणा हे आंतरपीक : पोफळीच्या वाडीतील एक उपेक्षित विषय

दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले आणि तेव्हापासून कोकणच्या बागायतीत मोजायचे फारसे काही शिल्लक राहिलेले नाही. पोफळी २.७ मीटरवर लावाव्यात, माड ७.५ मीटरवर. मधल्या सावलीत जायफळ, दालचिनी घ्यावी, खोडावर मिरवेल चढवावी. माडाखालच्या अशा मसाला-लागवडीला ‘लाखी बाग’ हे घसघशीत नावही मिळाले. एवढ्या काटेकोर शास्त्रात एका पिकाची नोंद मात्र राहून गेली आहे. हे पीक त्याच सावलीत येते, दिवाळीत आणि मे महिन्यात बहरते, पावसाळ्यात सुप्तावस्थेत जाते आणि रोख पैशाच्या बाबतीत भल्याभल्या झाडांना मागे टाकते. गडग्यावर ‘राहण्याची व जेवणाची घरगुती सोय’ एवढी पाटी लावली की पेरणी झाली. प्रस्तुत लेख या पिकाच्या, म्हणजे पाहुण्याच्या, लागवडीविषयी आहे.

पूर्वपक्ष असा : पाहुणा हा गिऱ्हाईक असून वाडी ही त्याच्यासाठी केलेली सजावट आहे. हे मत मुख्यतः पाहुण्यांमध्येच आढळते. त्याच्या खंडनासाठी गुहागरपर्यंत जावे लागते, पण जावे. तिथे खालच्या पाटापासून वरच्या पाटापर्यंत समुद्राच्या बाजूची घरे रस्त्याला तोंड करून उभी आहेत. घरामागे लांबच लांब वाडी, वाडीच्या टोकाला वाळू आणि समुद्र. पोहायला निघालेल्या पाहुण्याला पोफळींच्या रांगांतून, पाण्याचे पाट ओलांडत, केळीची पाने बाजूला सारत जावे लागते. म्हणजे तो राहतो वाडीच्या आत, तिच्याच पाण्यावर आणि तिच्याच सावलीत. मालक सकाळी वाडीत फेरी मारताना खोलीच्या दाराशी थांबून “झोप लागली ना?” असे विचारतो, तेव्हा त्याची नजर नव्या रोपाचे पान उलटून पाहतानाची असते. इथे पूर्वपक्ष संपला.

आता हवामान. पोफळीला नैऋत्येचे ऊन सोसत नाही, तिचे खोड भाजते. म्हणून त्या बाजूला आडोशाची झाडे राखतात. पाहुण्याचेही तेच आहे. दुपारी उघड्यावर राहिल्यास तो आधी लाल होतो, मग चिडतो आणि शेवटी एसीची चौकशी करतो. त्याला ओटीवर आणून झोपाळ्यावर ठेवणे हा खात्रीचा उपाय. झोपाळ्याच्या कड्या इतक्या कुरकुरत असताना घरचे लोक त्यांना तेल का घालत नाहीत, या प्रश्नावर बराच विचार केल्यावर प्रस्तुत लेखक पुढील निष्कर्षाला आला आहे. कड्या वाजत आहेत, त्या अर्थी पाहुणा जागेवर आहे. कड्या थांबल्या, त्या अर्थी तो उठून “काकू, चहा मिळेल का?” असे म्हणत माजघर ओलांडतो आहे. स्वयंपाकघरातल्या माणसाला ही पूर्वसूचना फार मोलाची असते, आणि तेलाच्या एका थेंबाने ती कायमची नष्ट होईल.

निवासाची रचना समजून घ्यायला वनस्पतिशास्त्र अपुरे पडते, पुरातत्त्व लागते. सर्वांत जुना थर जांभ्या चिऱ्याच्या मूळ घराचा. वर मंगलोरी कौले. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले किनाऱ्याने सगळीकडे पसरली. कौलावर कारखान्याचे नाव उठवलेले असते. कॉटवर उताणे पडून ते वाचता येते, आणि वाचन एवढ्या विश्रांतीत करण्याची सोय दुसऱ्या कोणत्याही शिलालेखाने दिलेली नाही. दुसरा थर स्लॅबच्या खोल्यांचा. थोरला मुलगा नोकरीला लागला तेव्हाचा. तिसरा थर गोठ्याचा. गुरे गेली, जागा उरली, तिथे आता टाइल्स आणि ‘अटॅच्ड बाथरूम’ आले. गोठ्याची खोली ओळखायची खूण म्हणजे खिडकी. ती बैलाच्या नजरेच्या उंचीवर असते.

या थरांचा काळ विजेच्या बटणांवरून अचूक सांगता येतो. काळे गोल बटण मूळ घरात, पांढरे चौकोनी स्लॅबमध्ये, चपटे मॉड्युलर गोठ्यात. बोर्डावर बटणे आठ असतात. दोन दिव्यांची, एक पंख्याचे, चार कसलीच नाहीत. ही चार कधीकाळी कशाची होती याविषयी घरात एकमत नसते. त्यावर मालक व त्यांचे धाकटे बंधू यांच्यातील चर्चा मी ऐकली आहे, ती आजोबांच्या काळापर्यंत मागे गेली. आठवे बटण पंपाचे. पाहुणा रात्री दिवा समजून ते दाबतो, आणि पलीकडे विहिरीवर शिंपणे सुरू होते.

शिंपण्याचा विषय निघालाच आहे तर पाण्याविषयी थोडे विस्ताराने, कारण सगळ्या शास्त्राचा कणा तिथे आहे. पूर्वी रहाट होता. आता पंप आहे, पण पाट तेच आणि आळीही तीच. विहिरीचे पाणी एका वाटेने पोफळींच्या आळ्यांत जाते, दुसऱ्या वाटेने टाकीत चढते आणि पाहुण्याच्या बादलीत उतरते. त्या बादलीचे पुढे काय होते याचा विचार शहरातला माणूस करत नाही. त्याच्या मते पाणी जाळीत जाते आणि तिथे त्याचा इतिहास संपतो. इथे न्हाणीमागे जाऊन पाहावे. जाळीतून निघालेले पाणी लहानशा पाटाने अळूच्या वाफ्यात शिरते, उरलेले केळीच्या बुंध्याशी मुरते. अळूची पाने त्यामुळे हत्तीच्या कानाला लाजवतील अशी. दुपारी पानात अळूचे फदफदे येते, त्यात शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे काप, वर फोडणी. पाहुणा ते दुसऱ्यांदा मागून घेतो, “असं अळू आमच्याकडे मिळतच नाही” असे म्हणतो, आणि ते शब्दशः खरे असते. त्या अळूच्या निर्मितीत त्याचा स्वतःचा सहभाग आहे. आदल्या पाहुण्याचाही आहे, पण जेवताना इतक्या खोलात जाऊ नये.

पीक जोमदार आहे की नाही हे ठरवण्याची चाचणी आदल्या संध्याकाळी होते. काकू विचारतात, “उद्या मोदक किती?” नारळ किती फोडायचे आणि उकड किती काढायची हे त्या आकड्यावर ठरते. “दोन-तीन पुरे” म्हणणारा पाहुणा प्रत्यक्षात सात खातो. काकूंना हे ठाऊक असते. त्या सातच धरतात. विचारण्याचा हेतू आकडा मिळवणे नसून पाहुण्याचे चारित्र्य पाहणे हा असावा.

वाडीची फेरी ही मात्र खरी तोंडी परीक्षा. मालक पुढे, पाहुणा मागे. “हे कसलं झाड?” असा प्रश्न येतो. पान चुरगळून नाकाशी धरायचे असते. दालचिनी बहुतेकांना जमते, कारण बिर्याणीने तयारी करून घेतलेली असते. जायफळापाशी सगळे अडखळतात. जायफळात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बियांपासून लावलेले झाड फुलोऱ्यावर येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, काहीच बोलत नाही. नंतर कळते की इतकी वर्षे पाणी घातलेले झाड नर होते आणि फळ धरणार नाही. म्हणून आता कलमे लावतात. पाहुण्यांची कलमे अजून निघालेली नाहीत. दोन महिने आधी आगाऊ रक्कम भरून आलेले कुटुंब पहिल्याच रात्री “इथे वाय-फाय नाही का?” असे विचारील की काय, याचा अंदाज फुलोऱ्याआधी बांधता येत नाही.

रोगांपैकी एकाचाच उल्लेख करतो. पोफळीवर पावसाळ्यात कोळेरोग पडतो, कोवळी फळे गळतात. पाऊस सुरू होण्याआधी मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारले तर तो आवरतो. स्पीकर घेऊन आलेल्या पंधरा मित्रांवर हे मिश्रण चालत नाही. त्यांच्यासाठी भिंतीवर नियम लिहिलेले असतात, आणि ते वाचले जात नाहीत.

एक वाद मात्र सुटण्यासारखा नाही. काढलेली सुपारी उन्हात सुमारे ४० दिवस वाळवावी लागते, आणि ती वाळते खळ्यात. हिवाळ्यात पाहुण्यांच्या गाड्या येतात त्याही खळ्यातच. दोन्ही पिके एकाच जागेवर हक्क सांगतात. एका ठिकाणी मी तडजोड पाहिली. मोटार पोफळीखाली, झावळ्या पडण्याच्या जागी, आणि सुपारी खळ्यात, जाळीखाली. मालकाचे अग्रक्रम यातून स्पष्ट व्हावेत.

हे अग्रक्रम असे का, ते ३ जून २०२० ने दाखवले. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि दिवेआगर, श्रीवर्धनपासून दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत पोफळी आडव्या झाल्या. आजोबांनी लावलेल्या वाड्या एका दुपारीत गेल्या. नवी पोफळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. पाहुणा मात्र खोली झाडली आणि कौले चढवली की धरतो. तेव्हा टाळेबंदी होती, त्यामुळे तोही लगेच आला नाही, पण आला तो पोफळीच्या कितीतरी आधी. उघड्या वाडीत रोपांना सावलीसाठी केळी लावल्या होत्या. मालक फेरीत त्या दाखवीत आणि “इथे असं आभाळ कधी दिसत नसे,” एवढेच म्हणत. पाहुणे फोटो काढत.

शेवटचा मुद्दा बीजप्रसाराचा. सुपारी वटवाघळे पसरवतात, मिरवेल पाहुणे पसरवतात. निघताना पिशवीत कोकम, जायपत्री, चार नारळ, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मिरवेलीचे छाट. ही वेल पुण्यात चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत, प्लॅस्टिकच्या पायपावर चढते. फेब्रुवारीत कधीतरी फोन जातो.

“काका, मिरवेलीची पानं पिवळी पडलीत.”

“पाणी जास्त होतंय. मुळाशी साचू देऊ नका.”

“बरं. आणि खत?”

“खताचं मग बघू. मे महिन्याचं काय ते सांगा, वाडीकडची खोली धरून ठेवू ना?”