अपडेटरावांना अनावृत पत्र

प्रतापनगर, वडोदरा

श्री. अपडेटराव यांस,
मुक्काम: मॅकच्या पडद्याचा उजवा वरचा कोपरा

सा. न. वि. वि.

आपली वेळ साधण्याची हातोटी विलक्षण आहे. गरब्याचे फोटो कार्डावरून उतरत असतात, कमूर्ता (लग्नाला वर्ज्य महिना) संपून लग्नांची रांग लागलेली असते, आल्बमवाला फोनवर खोळंबलेला असतो. आणि नेमके तेव्हाच आपण डोकावून विचारता, 'आत्ता की रात्री?'

आपल्या घराण्याचा लौकिकही आम्ही जाणतो. फेब्रुवारी 2016 मध्ये अ‍ॅडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडचं एक अपडेट मॅकवर आलं आणि डिस्कच्या मुळाशी वर्णानुक्रमे पहिला येणारा फोल्डर साफ करून गेलं. बाराखडी पाठ असावी तर अशी! ऑगस्ट 2020 मध्ये आयफोन-आयपॅडवरच्या लाइटरूमने क्लाउडवर न चढलेले फोटो पुसले. कंपनीने माफी मागितली, फोटो मात्र आले नाहीत. त्याआधी, 2019 साली, मॅकओएस कॅटालिनाने 32 बिटची सगळी सॉफ्टवेअरं बाद केली. रोख मोजून घेतलेलं फोटोशॉप सीएस6 खरं तर 64 बिटचं. पण त्याचा परवाना तपासणारा भाग 32 बिटचा निघाला. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं ते असं.

जुन्याला नवं न पेलण्याचा हा अनुभव आमच्या गायकवाडी मुलखाला नवा नाही म्हणा. 1862 साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम नॅरोगेज घातली, तेव्हा गाडी बैल ओढत. रूळ इतके हलके की इंजिनाचं वजन त्यांना पेलेना. आधी जाड रूळ बसले, मग इंजिन धावू लागलं. इंजिनाने 'आत्ता की रात्री' असं विचारलं नव्हतं.

तेव्हा आम्हीही आधी रूळ तपासणार. फोटोशॉप-लाइटरूमच्या नव्या आवृत्तीला कोणतं मॅकओएस लागतं, आमचे प्लगइन त्यावर चालतात का, ते पाहणार. टाइम मशीनला पुरता बॅकअप घेऊ देणार; आणि बाहेरची डिस्क ते सहसा वगळूनच ठेवतं, म्हणून वगळलेल्यांच्या यादीतून आमची फोटोंची डिस्क आधी काढणार. (बॅकअप आहे म्हणणाऱ्या निम्म्या लोकांनी ही यादी उघडूनसुद्धा पाहिलेली नसते, अशी आमची पक्की शंका आहे.) लाइटरूमच्या कॅटलॉगची प्रत वेगळी ठेवणार, कारण नवी आवृत्ती त्याचं रूपांतर करते आणि तो नवा कॅटलॉग जुन्या आवृत्तीत उघडत नाही. मागे फिरायचं ठरवलं, तर मधलं सारं काम तिकडेच अडकतं.

शिवाय 'जुन्या आवृत्त्या काढून टाका' ही जी खूण आपण क्रिएटिव्ह क्लाउडच्या प्रगत पर्यायांच्या पोटात आपणहून लावून ठेवता, ती आम्ही काढणार. नवी सून रुळेपर्यंत सासूबाईंना घराबाहेर काढायचं नसतं. आपोआप अपडेटही बंद.

एवढं झालं की शेवटचा आल्बम गिऱ्हाइकाच्या हाती देऊन, पैसे घेऊन, मग आपल्याला बोलावू. तोवर कृपया दार वाजवू नये.

कळावे, लोभ नसला तरी चालेल.

आपला,
एक फोटोवाला