वयोगट : तीन वर्षे आणि त्यापुढे

आधुनिक खेळणे म्हणजे मुलासमोर स्वतःशीच खेळणारी वस्तू. ते चालते, गाते, कमरेत लचकते, दिवे लावते, भिंतीला धडकले की आपणहून वळते. मुलाने समोर बसून टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. जुन्या खेळण्यांत कामाची वाटणी नेमकी उलटी होती. भोवऱ्याला दोरी गुंडाळून तो फेकावा लागे, विटी कोलावी लागे, भातुकलीत रिकाम्या पातेल्यातून नसलेला भात वाढावा लागे. सगळे कष्ट मुलाचे आणि खेळणे आपले आयते पडून. ही पिळवणूक आता बॅटरीच्या आगमनाने संपुष्टात आली आहे.

खोक्यावर ठळक अक्षरांत 3+ असे छापलेले असते. तीन वर्षांखालचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि सुटा झालेला चिमुकला भाग घशात अडकू शकतो, म्हणून ही सूचना. पालक मात्र ती बुद्धिमत्तेची पायरी म्हणून वाचतात. "आमचा दोनच वर्षांचा आहे, पण समज म्हणाल तर पाचाच्या पुढची," असे सांगून पाच वर्षांवरच्या मुलांचे खेळणे घेतले जाते आणि समजदार बाळ पहिल्याच दिवशी त्याचे चाक चघळते. वयाची वरची मर्यादा खोक्यावर बहुधा नसते. सरकारी आदेशाच्या लेखी खेळणे चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी असते, पण प्रत्यक्ष वापर पाहता हा आकडा चाळिशीपर्यंत न्यायला हरकत नाही. रिमोटची गाडी आणि छोटा ड्रोन या दोन प्रकारांत तर मुलाचा वाटा "बाबा, आता मी" एवढे म्हणण्यापुरताच असतो. ड्रोन शेजारच्या गॅलरीत पडल्यावर तो आणायला मात्र मुलालाच पाठवतात.

खेळण्याशी पहिली झटापट खोक्यातच होते. आतली वस्तू पिळलेल्या तारांनी आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी अशी जखडलेली असते, की तिच्या हातून पूर्वी एखादा गुन्हा घडला असावा अशी शंका येते. ती सुटली की बॅटरीच्या झाकणाचा स्क्रू. तो इतका बारीक असतो, की घरातला एकुलता एक स्क्रू-ड्रायव्हर त्याच्यापुढे पहारीसारखा दिसतो. मग सुरीचे टोक, नेलकटरची पाती, आजोबांच्या चष्म्याच्या दुरुस्तीचे सामान अशी चढती भाजणी लागते आणि अखेर स्क्रूचा चर झिजून गुळगुळीत होतो. गंमत अशी, की सबंध खोक्यात खरोखर गंभीर वस्तू हा स्क्रूच आहे. बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांच्या आत आतून भाजून काढतो. झाकण मुलाला उघडता येऊ नये म्हणून स्क्रू असतो. ते वडिलांनाही उघडता येत नाही, हा जादा फायदा समजावा. झाकण उघडल्यावर आत सेल नसतात. तीन पेन्सिल सेल लागतात. दोन टीव्हीच्या रिमोटमधून निघतात, तिसऱ्यासाठी भिंतीवरचे घड्याळ बंद पडते.

या सगळ्या कुळाचा प्रातिनिधिक नमुना म्हणून नाचणारा कॅक्टस पाहता येईल. हिरव्या कापडाचे निवडुंग, खाली कुंडी, पोटात मोटर, स्पीकर आणि माइक. तो डोलत गातो. कोणी काही बोलले, तर ते काही सेकंद साठवून चिरक्या आवाजात जसेच्या तसे परत म्हणतो. 2021 मध्ये कॅनडातल्या एका आजीने पंधरा महिन्यांच्या नातीसाठी असा कॅक्टस आणला. तो इंग्रजी, स्पॅनिश आणि पोलिश अशा तीन भाषांत गात असे. आजींना दुर्दैवाने पोलिश येत होते. नात ज्या गाण्यावर डोलत होती ते कोकेनबद्दलचे होते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि वॉलमार्टने ते खेळणे आपल्या संकेतस्थळावरून काढले. त्याच घराण्याचे कॅक्टस आपल्याकडे रेल्वे स्टेशनबाहेरच्या पथाऱ्यांपासून मॉलपर्यंत सर्वत्र डोलत असतात. ते काय गातात याची चौकशी करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. बाळ वरणभात गिळते आहे ना, मग गाणे कोणत्या का भाषेतले असेना.

कॅक्टसचा खरा उपद्रव वेगळाच आहे. त्याला प्रसंगाचे भान नसते. पाहुण्या आत्याबाई दारात चपला घालत असतात, आत कोणीतरी सुटकेचा सुस्कारा टाकून "गेल्या बाई एकदाच्या" म्हणते आणि टीपॉयवरचा कॅक्टस तेच वाक्य कंबर हलवत, दिव्यांच्या रोषणाईसह, जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सादर करतो. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की पुढचे वाक्य कानावर पडले की तो आधीचे विसरतो. आत्याबाई विसरत नाहीत.

वरच्या किमतीची खेळणीही विसरत नाहीत. 2015 मध्ये आलेली बोलकी बार्बी मुलीचे बोलणे वाय-फायवरून कंपनीच्या संगणकांकडे पाठवी आणि तिकडून आलेले उत्तर तिला ऐकवी. म्हणजे बाहुलीच्या कानात सांगितलेले गुपित आधी कंपनीच्या कानी जाई. 2017 मध्ये जर्मनीने 'माय फ्रेंड कायला' या बाहुलीला छुप्या हेरगिरीचे उपकरण ठरवून बंदी घातली आणि ज्यांच्या घरी ती आहे त्यांनी ती नष्ट करावी, असे सांगितले. तिच्या ब्लूटूथला पासवर्डच नव्हता. जवळपास उभा असलेला कोणीही फोन जोडून मुलाशी बोलू शकत होता. त्याच वर्षी 'क्लाउडपेट्स' नावाच्या मऊ प्राण्यांचा माहितीसाठा उघडा पडलेला आढळला. आठ लाखांहून अधिक खाती आणि आईबाप व मुलांनी एकमेकांना धाडलेले वीस लाखांवर आवाजी निरोप, सगळे बिनकुलपाच्या कपाटात. मुलाच्या सायकलला साखळी-कुलूप घालून ते दोनदा ओढून पाहणारी माणसे अशा अस्वलाच्या कानात बिनधास्त पापा घेतात.

आता अस्वलाला कृत्रिम बुद्धिमत्ताही मिळाली आहे. 'कुम्मा' हे असे बोलके अस्वल. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेतल्या पर्ग या ग्राहकसंस्थेने त्याची परीक्षा घेतली, तेव्हा काडेपेटी घरात कुठे सापडते आणि काडी कशी ओढतात हे त्याने आपुलकीने समजावले. गप्पा लांबल्यावर मोठ्या माणसांनीही दार लावून बोलावेत अशा विषयांवर ते घसरले. अस्वल बनवणाऱ्या कंपनीने विक्री काही दिवस थांबवली आणि त्याला बुद्धी पुरवणाऱ्या ओपनएआयने ती अक्कल बंद केली. अस्वलाची बाजू घ्यायची तर विचारले त्याचे उत्तर देणे एवढेच त्याला शिकवले होते. काडेपेटीच्या प्रश्नावर आजीपाशी तयार असलेले "तुला रे कशाला हवी?" हे उत्तर या यंत्रणेत अजून बसवता आलेले नाही. प्रयत्न मात्र थांबलेले नाहीत. बार्बीची कंपनी मॅटेल आणि ओपनएआय यांनी जून 2025 मध्ये हातमिळवणी जाहीर केली आहे.

मुलांच्या माहितीची काळजी भारतात कायद्याने घेतली आहे. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे, त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी आणि मुलावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवता येत नाहीत. संमती पडताळता यावी, असे कायदा म्हणतो. ती वाचून दिलेली असावी, असे म्हणत नाही. त्यामुळे मांडीवरचे मूल "लाव ना, लाव ना" म्हणून लाथा झाडत असताना आई एका अंगठ्याने बावीस पाने सरकवते आणि तळाच्या 'मान्य आहे' वर दाबते.

यानंतर शैक्षणिक खेळणी. साधे खेळणे आणि शैक्षणिक खेळणे यांत फरक किमतीचा असतो. तेच रंगीत ठोकळे 'हात व डोळ्यांचा समन्वय', 'समस्या सोडवण्याचे कौशल्य', 'मेंदूच्या दोन्ही बाजूंचा विकास' अशा शब्दांच्या खोक्यात बसले, की दुप्पट भावाला जातात. फिशर-प्राइसने 2016 मध्ये तीन ते सहा वर्षांच्या मुलांना कोडिंगची गोडी लावणारा सुरवंट काढला. तुकडे ज्या क्रमाने जोडावेत त्या क्रमाने तो वळतो. खेळणे म्हणून सुरवंट झकास आहे. पण बालवाडीत नाव घालायच्या आधी मूल पुण्यातल्या एखाद्या आयटी पार्कात चिकटेल, अशी जी आशा त्याच्याकडे पाहून घरात पालवते तिच्याबद्दल सुरवंटाला दोष देता येणार नाही.

या क्षेत्रातला सर्वांत उपद्रवी माणूस म्हणजे अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून इंजिनियर झालेले हे गृहस्थ पुण्यात टेल्कोत नोकरी करत होते. तिथून 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या कामात गेले आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी कापून तिच्या तुकड्यांत आगकाड्या खोचू लागले. दोन काड्या जोडल्या की कोन, तीन जोडल्या की हलवून न हलणारा त्रिकोण, चार जोडल्या की लगेच कलंडणारा चौकोन. पूल आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण का असतात, हे पोराला पाच मिनिटांत बोटांनी कळते. पुढे पुण्यातल्या आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात स्ट्रॉ, झाकणे, जुनी वर्तमानपत्रे अशा कचऱ्यातून त्यांनी शेकडो खेळणी करून दाखवली आणि ती कशी करायची हे फुकट सांगून टाकले. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण बाजाराने त्यांना क्षमा केलेली नाही. त्यांच्या खेळण्याला खोके नाही, किंमत नाही, ते वाढदिवसाला नेले तर यजमानीणबाई मागून दुसरे काही येते आहे का म्हणून पाहत राहतात. शिवाय ते मोडले तर मूल स्वतःच दुरुस्त करते. असा माल धंद्याला घातक असतो.

सरकारचे खेळण्यांकडे लक्ष गेले ते 2020 च्या सुमारास. त्या वर्षी परदेशी खेळण्यांवरचे आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70. जानेवारी 2021 पासून खेळण्यावर आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. खेळणे टोचू नये, पेटू नये, त्याच्या रंगात विषारी धातू नसावेत, हे सारे त्यात तपासले जाते आणि ते योग्यच आहे. मूल किती मिनिटांत कंटाळेल, याची चाचणी मानकात नाही. नोंदणी असलेल्या हस्तकारागिरांना शिक्क्यातून सूट आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी फळे मुलांच्या हाती पडण्याचा धोका तसाही फारसा नसतो. ती विकत घेतली जातात, पुण्यामुंबईला आणली जातात आणि काचेच्या कपाटात ठेवून "हात लावायचा नाही हं" असे बजावले जाते.

साथीच्या खेळण्यांचे शास्त्र वेगळे. दोन-तीन वर्षांनी एक साथ येते, शाळा बंदी घालते, बंदीमुळे ती पसरते आणि सुट्टी संपेपर्यंत ओसरते. 2017 च्या उन्हाळ्यात फिजेट स्पिनर आला. मन एकाग्र करतो अशी त्याची ख्याती होती आणि ती खरी ठरली, कारण वर्गातल्या सगळ्यांचे मन एकाग्र होऊन स्पिनरवर लागले. 2021 मध्ये फुगे दाबून टकटक करण्याचा रबरी पॉप-इट आला. पूर्वी नव्या फ्रीजबरोबर येणाऱ्या फुग्यांच्या प्लास्टिकवर हे काम विनामूल्य होत असे. 2025 मध्ये लाट आली ती लाबूबूची. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराने 2015 मध्ये काढलेले हे सुळे दाखवत हसणारे ध्यान पॉप मार्ट ही चिनी कंपनी बंद डब्यात विकते. आत कोणते निघेल ते फोडल्यावर कळते. जत्रेत याच तत्त्वावर चालणाऱ्या चिठ्ठ्यांच्या खेळाकडे पाहून आईबाप मुलाला हाताला धरून पुढे ओढत, आता तेच रांगेत उभे असतात. जून 2025 मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढा एक लाबूबू 10 लाख 80 हजार युआनला, म्हणजे सुमारे सव्वा कोटी रुपयांना गेला. इतक्या किमतीच्या खेळण्याशी कोणी खेळत नसते, निदान मुले तरी नाहीच.

खेळण्याचा अंत बहुधा तीन टप्प्यांत होतो. आधी गाणे जाते, मग एक चाक, मग सेलांच्या जागी हिरवट पूड साचते. या अवस्थेतल्या खेळण्याचा काही मुले कोथळा काढून मोटर आणि स्पीकरचे चुंबक काढून घेतात. तो उद्योग तासन्‌तास चालतो आणि त्याबद्दल त्यांना मारही बसतो. इलेक्ट्रॉनिक खेळणी 2022 च्या ई-कचरा नियमांच्या यादीत आली आहेत, त्यामुळे ती अधिकृत केंद्राकडे जायला हवीत. ती माळ्यावर जातात. दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होतो आणि भंगारवाल्याला हाक मारली जाते. तो खेळणे उलटे करतो, आतल्या तारा बघतो, "याचं काय येत नाही, ताई" म्हणून बाजूला ठेवतो आणि खोके तेवढे पुठ्ठ्याच्या भावाने तोलून घेतो.