डोळे मिटून इम्युनिटी

पावसाळ्याचा पहिला आठवडा सरला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीत दोन गोष्टी हमखास वर येतात. एक, रस्त्यातले खड्डे. दुसरी, सोसायटीच्या ग्रुपवरचा तो मेसेज : रोज वीस मिनिटं ध्यान करा, व्हायरल तुमच्या वाऱ्यालाही उभं राहणार नाही. खाली जोडलेले हात आणि 'आता अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनीही मान्य केलंय' असा शेरा. कुठल्या शास्त्रज्ञांनी, असं विचारणारा लगेच निगेटिव्ह विचारांचा ठरतो. त्याला ध्यानाची जास्तच गरज आहे, असंही सुचवलं जातं.

शास्त्रज्ञांनी खरंच काही केलंय आणि ते टाकाऊही नाही. २००३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात एका कंपनीच्या काही कर्मचाऱ्यांना आठ आठवडे ध्यान शिकवलं, मग सगळ्यांना फ्लूची लस टोचली. ध्यान करणाऱ्या २५ जणांच्या रक्तात, न करणाऱ्या १६ जणांपेक्षा जास्त अँटिबॉडीज सापडल्या. माणसं मोजकीच, पण प्रयोग नीटस. फक्त त्यात लस होती. मेसेज डोंबिवलीला पोहोचेपर्यंत लस बहुधा दिव्याला उतरलेली असते.

त्याच विस्कॉन्सिन राज्यातला २०१२ चा प्रयोग तर मला पाठ करून म्हणावासा वाटतो. पन्नाशीच्या पुढचे दीडशेच्या आसपास लोक घेतले. एका गटाला ध्यान, दुसऱ्याला व्यायाम, तिसऱ्याला काहीच नाही. मग हिवाळाभर कोण किती शिंकलं याची नोंद. काहीच न करणाऱ्या गटाचे सर्दी-खोकल्याचे मिळून दिवस भरले ४५३. ध्यानवाल्यांचे २५७. आणि व्यायामवाल्यांचे? २४१. म्हणजे भरभर चालणारे डोळे मिटणाऱ्यांच्या तोडीस तोड निघाले. २०१८ मध्ये त्याच मंडळींनी चारशेवर लोकांना घेऊन हाच खेळ पुन्हा मांडला, तेव्हा फरक बराच आक्रसला.

आता मला सांगा, चालण्याचा मेसेज कुणी कधी फॉरवर्ड केलाय? करणार कसा? डोंबिवली पूर्वेला स्टेशनबाहेर पडून भरभर चालून दाखवा. फुटपाथ आहे तिथे फेरीवाला आहे, फेरीवाला नाही तिथे दुचाकी लावलेली आहे, दोन्ही नाहीत तिथे उघडं गटार आहे. चालायचं म्हटलं की महापालिकेला काहीतरी करावं लागतं. ध्यानाला महापालिकेचं काही लागत नाही. त्याची लोकप्रियता इथेच आहे. घोडबंदर रोडवरच्या बिल्डरांना हे केव्हाच उमगलंय. ब्रोशरमध्ये 'मेडिटेशन झोन' असतो, समोर सिमेंटची धूळ आणि गायमुखपर्यंत लागलेली ट्रकची रांग.

२०१२ च्या त्या प्रयोगातला आणखी एक आकडा आहे. आजारपणामुळे कामावरच्या खाड्यांचे दिवस : काहीच न करणारे ६७, व्यायामवाले ३२, ध्यानवाले १६. आजारी दिवसांत दोघं जवळपास बरोबरीत, पण दांड्या निम्म्यानं कमी कुणाच्या, तर ध्यानवाल्यांच्या. एचआरची माणसं ध्यानावर इतकी फिदा का असतात याचं उत्तर मला इथे मिळालं.

मग येतो 'इम्युनिटी वाढवा' हा मंत्र. २०२० मध्ये गुळवेल, काढा, आर्सेनिकच्या गोळ्या असं सगळं इम्युनिटीच्या नावानं आपण घशाखाली उतरवलं. जणू ती पगारासारखी, जितकी वाढेल तितकी चांगली. ताप, कणकण, अंगदुखी ही बरीचशी करणी विषाणूची नसते, त्याच्यावर तुटून पडलेल्या आपल्याच फौजेची असते. कोविडच्या गंभीर रुग्णांत ही फौज इतकी पिसाळायची की घरच्यांनाच झोडपायची. जून २०२० मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन हे स्वस्तातलं स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी करतं. ते काय करतं? प्रतिकारशक्तीला आवर घालतं. म्हणजे वॉर्डात डॉक्टर जी आटोक्यात आणायला धडपडत होते, तीच वाढवायला आपण घरी काढा उकळत होतो.

२०२१ मध्ये फ्लोरिडाच्या संशोधकांनी ईशा फाउंडेशनच्या शिबिरातल्या १०६ जणांचं रक्त तपासलं. ध्यानानंतर विषाणूंशी लढणाऱ्या इंटरफेरॉनशी संबंधित ६८ जनुकं जोमात आली होती. शोध मोलाचा आहे, नाक मुरडायचं कारण नाही. पण लोक चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते, शिबिराला आपणहून आलेले होते. त्यांना पुढे सर्दी झाली का, हा प्रश्नही तिथे नव्हता. आणि शिबीर होतं आठ दिवस मौनाचं, रोज दहा तासांहून जास्त ध्यानाचं. आठ दिवस! आपल्याकडे एकशे दोन ताप असला तरी साहेब म्हणतो, 'हाफ डे करून जा.'

ज्यांनी आयुष्यभर ध्यान शिकवलं, त्यांची भाषा वेगळी असते. कल्याणहून कसारा घाट चढला की इगतपुरी, तिथे विपश्यनेचं धम्मगिरी. ते उभारणारे सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पहिल्यांदा गेले ते मायग्रेननं हैराण होऊन. गुरूंनी सांगितलं, डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका. आजही शिबिराच्या नियमावलीत लिहिलेलं आहे की नुसता शरीराचा रोग बरा करणं हा विपश्यनेचा हेतू नाही. आणि मार्च २०२० मध्ये विषाणू दाराशी आला तेव्हा या मंडळींनी शिबिरं सरळ बंद ठेवली. व्हॉट्सअॅपवरच्या भक्तांना मात्र ध्यानानं विषाणू अडेल का, ही शंका शिवत नाही.

महाराष्ट्रातला ओमिक्रॉनचा पहिला रुग्ण आमच्या कल्याण-डोंबिवलीतच सापडला, ४ डिसेंबर २०२१ ला. परदेशातून आलेला प्रवासी. महापालिकेनं तेव्हा काय केलं? त्याला वेगळं ठेवलं, संपर्कातले १२ जास्त जोखमीचे आणि २३ कमी जोखमीचे लोक हुडकून काढले, सगळ्यांच्या चाचण्या केल्या. सगळे निगेटिव्ह. एरवी पालिकेला टोला हाणायची संधी मी सोडत नाही, पण तेव्हा तिनं कुणाला डोळे मिटून बसायला सांगितलं नव्हतं.

आता झोपेकडे येऊ. २०१५ मध्ये अमेरिकेतच १६४ धडधाकट लोकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. आधी आठवडाभर मनगटावर यंत्र बांधून त्यांची झोप मोजली होती. सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव चौपटीहून जास्त निघाला. ताण, वय, सिगारेट, सगळं हिशेबात धरूनही.

सहा तास! डोंबिवलीकराची झोप किती, हे मोजायला यंत्र कशाला हवं? रात्री साडेनऊला घरात पाऊल, जेवण, मुलाचा प्रोजेक्ट, वरच्या मजल्यावरचं ड्रिल, पहाटे पाण्याची वेळ. उरलेली झोप लोकलमध्ये. बघा कधी सकाळच्या फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला माणूस. एक पाय पॅसेजमध्ये, सॅक पोटाशी, डोळे मिटलेले, मान ठेक्यात डुलतेय. ठाणं आलं की डोळे न उघडता गुडघे आत घेतो, घाटकोपर आलं की न सांगता उठतो. इतकी सिद्धी हिमालयातही मिळायची नाही. आणि भोवती रेल्वेच्याच भाषेत 'सुपर डेन्स क्रश लोड', चौरस मीटरला चौदा ते सोळा माणसं. त्यातला एक शिंकतो. रोग हल्याला नि इंजेक्शन पखालीला म्हणतात ते हेच : लोकल वाढवायच्या नाहीत, डबे वाढवायचे नाहीत, फक्त श्वासावर लक्ष ठेवायचं. श्वास घ्यायला जागा असेल तर.

ध्यान वाईट नाही. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं, डोकं शांत राहतं, रात्री पडल्यावर झोप लागते. पण लस घ्यावी, ताप असेल तर घरी थांबावं, आणि घरी थांबल्याचा पगार कापला जाऊ नये, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही. शेवटचं तर अजिबातच नाही.

परवा एका ओळखीच्याला ऑफिसातून मेल आला. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी, वाढत्या व्हायरलच्या पार्श्वभूमीवर, दर सोमवारी सकाळी साडेआठला बीकेसीत ध्यानसत्र, हजेरी सक्तीची. आता तो रोजच्यापेक्षा तासभर आधीची फास्ट धरतो. गजर पावणेपाचला लावतो.